एका तासासाठी बारा तास

प्रश्न: माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापासून ती एका छोट्या कम्युनिटी रेडिओ केंद्रावर दर आठवड्याला एक तासाचा कार्यक्रम सादर करते. मानधन काही नाही. त्या एका तासासाठी घरी किमान बारा तास घालवते. मागच्या सत्रात तिचा एक विषय राहिला. आवाज छान आहे असं सगळे म्हणतात, म्हणून आता रेडिओतच जायचं तिच्या मनात आहे. एवढ्याशा केंद्राला ऐकणारे तरी किती? हे बंद करायला सांगू का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

बंद करायला सांगू नका. विषय राहिलाय, त्यामुळे तुमची काळजी रास्त आहे आणि त्याबद्दल पुढे लिहितेच. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते बारा तास. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलेत. मला त्यात तिच्या करिअरचा धागा दिसतो.

आवाज क्षणभर बाजूला ठेवू. छान आवाजाची मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात आणि त्यांच्या भोवतालच्या कौतुकाने त्यांचं नुकसानच जास्त केलेलं असतं. लिहून दिलेला मजकूर गोड आवाजात वाचणं एवढंच काम असेल, तर ते आता यंत्रही करतं. तुमची मुलगी त्या बारा तासांत काय करते, हे तिला शेजारी बसून विचारलंत का? मी अंदाजाने सांगते. समजा एका पाहुण्याशी ती चाळीस मिनिटं बोलली आणि कार्यक्रमात त्यासाठी जागा आहे सात मिनिटांची. मग ते चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग निदान दोनदा ऐकायचं, कामाच्या जागांवर खुणा करायच्या आणि तेहतीस मिनिटं काढून टाकायची. तीही अशी, की माणसाच्या म्हणण्याचा अर्थ बदलता कामा नये. दोन वाक्यांमधला श्वास चुकीच्या जागी कापला गेला तर जोड लगेच कानाला खटकतो. मुलाखत झाली त्या खोलीची नुसती शांतताही अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवावी लागते, सांधे बुजवायला. त्यानंतर नावं, आकडे तपासायचे. मग निवेदन लिहायचं, तेही कानासाठी. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही आणि तो कार्यक्रमाच्या अध्यामध्यात कधीही येतो, म्हणून वाक्यं आखूड ठेवायची आणि कोण बोलतंय हे अधूनमधून पुन्हा सांगायचं.

हे झालं घरचं काम. छोट्या केंद्रावर बहुतेक वेळा वेगळा तंत्रज्ञ नसतो. निवेदिकाच मिक्सरवर, म्हणजे आवाज जुळवण्याच्या यंत्रावर बसते. एक हात फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर), डोळा घड्याळावर, पुढची ऑडिओ फाइल तयार, आणि समोर पहिल्यांदाच माइकसमोर आलेला, घशाला कोरड पडलेला पाहुणा. फोनवरचा माणूस मध्येच तुटला तर हवेवर चार सेकंदांची शांतताही फार लांब वाटते. ती भरायला डोक्यात काहीतरी तयार असावं लागतं. मोठ्या केंद्रांवर ही कामं चार जणांत वाटलेली असतात. तिथे नव्याने लागलेल्या मुलाला हे सगळं हातात मिळायला वर्षं जातात. तुमच्या मुलीला ते विशीच्या आत-बाहेर मिळतंय.

ऐकणारे किती, हा प्रश्न योग्य आहे. अशा केंद्रांची प्रसारणशक्ती कमी असते. आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर जातो. पण त्यामुळेच ऐकणारा दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटतो आणि ‘काल तुम्ही चुकीचं सांगितलंत’ म्हणून तोंडावर बोलतो. इतकी कडक तालीम दुसरीकडे क्वचितच मिळते. शिवाय अशा छोट्या केंद्रांचा इतिहास मोठा आहे. 1947 साली कोलंबियातल्या सुतातेन्सा गावात एका तरुण धर्मगुरूने छोटासा ट्रान्समीटर उभा केला आणि शेतकऱ्यांना रेडिओवरून लिहा-वाचायला शिकवणारी मोठी चळवळ त्यातून वाढली. तेलंगणातल्या माचनूरमध्ये 2008 पासून दलित शेतकरी महिला ‘संघम रेडिओ’ चालवतात. बियाणं, पीक, आरोग्य यांवर त्या आपल्याच बोलीत बोलतात. मुलीचे उच्चार ‘रेडिओसारखे’ नाहीत म्हणून कुणी नाक मुरडलं, तर हे तिला जरूर सांगा.

आता पैशाचं, स्पष्टच. कम्युनिटी रेडिओत पगारी जागा फार थोड्या असतात. बरीच केंद्रं मोजक्या पगारी माणसांवर आणि पुष्कळ स्वयंसेवकांवर चालतात. फक्त ‘निवेदिका’ होण्यावर घर चालेल, असं मी तिला सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. पण मुलाखत घेणं, ऐकलेल्यातून नेमकं निवडणं, ध्वनिसंपादन, कानासाठी लिहिणं आणि वेळेत काम हातावेगळं करणं ही कौशल्यं पॉडकास्ट, ऑडिओबुक, माहितीपट, वृत्तमाध्यमं, सामाजिक संस्थांचे संवादविभाग अशा बऱ्याच ठिकाणी लागतात. या सगळ्या दारांवर पदवी विचारली जाईल. म्हणून राहिलेला विषय काढायचाच. यात तडजोड नको.

त्यासाठी कार्यक्रम सोडायची गरज नाही. परीक्षेच्या महिनाभर आधी तिने दोन-तीन भाग आगाऊ रेकॉर्ड करून केंद्राकडे द्यावेत. या क्षेत्रात ही रीतच आहे. ऋतू, सण, चालू घडामोडी यांचा संबंध नसलेले विषय त्यासाठी राखून ठेवायचे. एरवीच्या आठवड्यात तयारीला आठ तासांची मर्यादा घालून बघावी. वेळ कमी असताना काय सोडायचं, हे कळणं हाही संपादनाचाच भाग आहे. मला वाटतं, तिला ते जमेल. (पहिले दोन आठवडे चिडचिड होईल, ती होऊ द्या.)

आणखी एक काम तिने आजच सुरू करावं. प्रत्येक भागाची प्रत तारीख घालून स्वतःजवळ जपावी. छोट्या केंद्रांवर जागा कमी पडली की जुन्या फाइली पुसल्या जातात, आणि वर्षभराच्या कामाचा पुरावा नाहीसा झालेली मुलं मी पाहिली आहेत. ते पाहून फार वाईट वाटतं. त्यातल्या उत्तम जागा निवडून पाच मिनिटांचा नमुना करावा. नोकरी देणारा माणूस सगळ्यात आधी तोच ऐकतो, तेव्हा सुरुवातीच्या वीस सेकंदांत तिच्या ओळखीपेक्षा पाहुण्याचा एखादा जिवंत क्षण असावा.

पुढच्या भागाच्या वेळी तुम्ही रेडिओ लावून पूर्ण तास ऐका. ती घरी आली की ‘छान झालं’ एवढ्यावर थांबू नका. त्या तेहतीस मिनिटांतलं काय काढलं आणि का, ते विचारा. परीक्षेचा निकाल लागला की मला पुन्हा लिहा, आणि सोबत तो पाच मिनिटांचा नमुना पाठवा. मी ऐकून, काय खटकलं तेही कळवीन.