जुलैत ताजं पापलेट कुठे मिळेल? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

या वेळी आलेली पत्रं जवळपास सगळीच मुंबईत बाहेर जेवायला जाण्यावरची आहेत, म्हणून बाकी विषय पुढच्या अंकाला ठेवते आणि यातली पाच घेते.

प्रश्न: ताई, आम्ही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन मुंबईला येतोय. बाबांना समुद्राजवळच्या हॉटेलात बसून ताजं पापलेट खायचंय, खूप वर्षांची इच्छा आहे त्यांची. पैशाचा प्रश्न नाही, फक्त चांगलं ठिकाण सांगा. (एक वाचक, सांगली)

उत्तर: बाबांची इच्छा आहे म्हणून आधी हेच सांगते की जमत असेल तर तारीख बदला. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे दिवस माशांच्या विणीचे आणि दर्याही खवळलेला, त्यामुळे जुलैत मुंबईच्या हॉटेलात जे मोठं पापलेट समोर येतं ते बहुतेक वेळा कोल्ड स्टोरेजमधलं असतं नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात आलेलं, कारण तिकडची बंदी १४ जूनलाच संपते. ते खराब असतं असं मी म्हणत नाही, पण बाबांनी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे नव्हे, आणि भाव मात्र ताज्यापेक्षा जास्तच लागतो. नारळी पौर्णिमेला कोळी लोक दर्याला नारळ देतात आणि तिथून बाजार भरायला लागतो. आता ती पौर्णिमा येते भर श्रावणात, त्यामुळे तुमच्याकडे श्रावण पाळत असतील तर सरळ गौरी-गणपती आटोपून या, तोपर्यंत मासळी भरपूर आलेली असते आणि पाऊसही कमी झालेला असतो.

तिकिटं काढून झाली असतील तर पापलेटचा हट्ट सोडा आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या घरांत जे शिजतं ते खा. सोड्याची (सुक्या कोळंबीची) खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण, सुका जवळा, खाडीतल्या चिंबोऱ्या (खेकडे) मिळाल्या तर फारच छान. दादरला चैतन्य, सिंधुदुर्ग, गोमंतक यांतल्या कुठेही जा आणि वेटरला एकच विचारा, "दादा, आज काय चांगलं आलंय?" मेन्यूकार्डावर बारा महिने सगळेच मासे छापलेले असतात, ते बघून ऑर्डर देऊ नका. मंगळुरी चव हवी असेल तर फोर्टात महेश लंच होम आहे, तिथली गस्सी (नारळाच्या वाटणाचं कालवण) आणि नीर डोसा आईला नक्की आवडेल.

अजून एक, मोठ्या हॉटेलांत पापलेट, खेकडा, लॉबस्टर यांच्यापुढे भाव नसतो, "ॲज पर साइज" लिहिलेलं असतं. मासा कढईत जायच्या आधी तो टेबलावर आणून दाखवायला सांगा आणि किती रुपयांचा आहे ते तेव्हाच विचारून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही, बाजारात आपण विचारतोच ना. डोळा उठावदार आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर मांस परत वर आलं पाहिजे. आणि तळहातापेक्षा लहान पापलेट कुणी दाखवलं तर नको म्हणा, प्लीज. २०२३ मध्ये याच चंदेरी पापलेटला राज्यमासा जाहीर केलंय, का तर ते कमी होत चाललंय, आणि अंडी घालायच्या आधीच पिल्लं ताटात आली तर नातवंडांना फक्त फोटो दाखवायला लागतील.

समुद्र दिसणाऱ्या टेबलाचं म्हणाल तर मुंबईत मासे चांगले मिळतात ते गल्लीतल्या, पंख्याखालच्या टेबलांवर. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी जाऊन बसा, जेवण मात्र आत करा.

प्रश्न: सासूबाईंचा उपास आहे, त्यांना घेऊन दादरला खरेदीला जायचंय, कुठे नेऊ? (एक वाचक, कल्याण)

उत्तर: प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. पियुष उपासाला चालतं का ते घरी आधीच विचारा, काही घरांत जायफळ-केशराचं चालतं पण बाहेरचं श्रीखंड घातलेलं चालत नाही. तुमचा उपास नसेल तर तुम्ही आस्वादमध्ये मिसळ खा, २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत याच मिसळीला जगातला सगळ्यात चांगला शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं होतं. आणि उपास नसलेल्या दिवशी सासूबाईंना माटुंग्याला केळीच्या पानावर जेवायला न्या, रामा नायकांच्या उडुपीत, १९४२ पासून आहे ते, स्टेशनला लागूनच. सोमवारी जाऊ नका, माटुंग्यातली बरीच जुनी हॉटेलं सोमवारी बंद असतात.

प्रश्न: माझ्या २४व्या वाढदिवसाला आम्ही आठ जण लोअर परळच्या एका पबमध्ये गेलो होतो. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता, काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाला कंपल्सरी आहे, मेन्यूवर लिहिलंय. सगळ्यांसमोर वाद नको म्हणून भरला. खरंच कंपल्सरी असतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही, अजिबात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही घालायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते योग्य ठरवलं. मेन्यूवर छापलं म्हणून तो सक्तीचा होत नाही. पुढच्या वेळी शांतपणे "हा काढून नवीन बिल द्या" एवढंच म्हणा, नाहीच ऐकलं तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बिल वरपासून खालपर्यंत वाचायची सवय लावा, साध्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर ५ टक्के जीएसटी असतो, दारूवर जीएसटी नसतो तिथे राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, त्यामुळे दोन्हींची बेरीज एकत्र केली असेल तर कशावर काय लावलं ते विचारा. जो चार्ज वाचेल त्यातले काही पैसे ज्या मुलाने तुमच्यासाठी चार तास धावपळ केली त्याच्या हातात रोख द्या.

आता तुम्ही विचारलं नाहीये तरी दोन गोष्टी सांगते, मोठी बहीण समजून ऐका. एक, महाराष्ट्रात बीअरसाठी वय २१ आणि व्हिस्की-रम-व्होडकासाठी २५ आहे, म्हणजे तुमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांच्या ग्लासात काय होतं ते तुमचं तुम्हाला माहीत. दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच लोअर परळला, कमला मिलमधल्या रूफटॉप पबमध्ये आग लागली आणि १४ माणसं गेली, त्यात वाढदिवस साजरा करायला आलेली मुलगीही होती. तेव्हापासून मी कुठल्याही पबमध्ये, रूफटॉपवर गेले की बसायच्या आधी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधते, तो उघडा आहे का, त्याच्यापुढे खुर्च्या-खोके रचलेत का ते बघते, आणि रचलेले असतील तर तिथे थांबत नाही. अर्धा मिनिट लागतो याला.

प्रश्न: लातूरहून नोकरीसाठी फोर्टात आलोय. ऑफिसमधले इराण्याकडे चल म्हणतात, पण तिथे काय मागायचं कळत नाही आणि एक चहा घेऊन किती वेळ बसलं तर चालतं? (एक वाचक, मुंबई)

उत्तर: इराणी म्हणजे इराणहून आलेल्या लोकांनी मुंबईत काढलेली जुनी चहा-पावाची हॉटेलं. पहिल्यांदा ब्रून मस्का आणि चहा मागा. ब्रून म्हणजे वरून कडक, आत मऊ असा पाव, मध्ये भरपूर लोणी, तो चहात बुडवून खायचा. तुम्ही फोर्टातच आहात म्हणजे याझदानी बेकरी चालत जाण्यासारखी आहे. मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ पासून आहे, तिथे सकाळी अकुरी (पारशी अंडाभुर्जी) किंवा खिमा पाव घ्या. पगार झाला की बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव खा, १९२३ पासूनचं हॉटेल, फक्त दुपारी जेवण असतं आणि त्यातली आंबट लाल बेरी इराणची.

बसायचं म्हणाल तर सकाळच्या आणि दुपारच्या गर्दीत खाऊन उठा, बाहेर माणसं उभी असतात. चार वाजता बसा की पेपर घेऊन, कुणी उठवणार नाही. गावाहून एकटं आलेल्या माणसाला या शहरात चार पैशांत बसायला जागा इराण्यांनी दिली. आता ही हॉटेलं फार थोडी उरलीत म्हणून आठवड्यातनं एकदा तरी जात जा.

प्रश्न: मी ६१ वर्षांची, गिरगावात राहते. यजमान गेल्यापासून मासे घरी आणणं बंदच झालं, एकटीसाठी कोण करणार. परवा धीर करून एका खानावळीत थाळी खायला गेले तर अनोळखी दोन पुरुषांसमोर बसवलं, मी न जेवताच उठून आले. मी चुकले का?

उत्तर: तुम्ही चुकला नाहीत आणि त्या दोघांचंही काही चुकलं नसणार. खानावळीत टेबल वाटून घ्यायची रीत जुनी आहे, गिरणगावात घर सोडून आलेल्या कामगारांसाठी त्या चालायच्या, दहा मिनिटांत जेवायचं आणि पाळीवर जायचं. त्या चालवायच्या बायका. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. म्हणजे हजारोंना जेवू घातलं बायकांनी आणि टेबलावर एकटी बसलेली बाई मात्र आजही लोकांना वेगळी दिसते, हे मला फार लागतं.

तर परत जा. साडेअकराला उघडल्या उघडल्या जा, तेव्हा टेबलं रिकामी असतात आणि मासाही नुकताच तळायला घेतलेला असतो. आत गेल्यावर "मला भिंतीकडचं टेबल द्या, एकटीच आहे" असं स्पष्ट सांगा. सुरमईचा पोटाकडचा तुकडा मागा, सोलकढी शेवटी आणायला सांगा, नाहीतर ते सगळं एकदम मांडून जातात. अगदीच धीर झाला नाही तर मला मासिकाच्या पत्त्यावर कळवा, गिरगाव माझ्या वाटेवरच आहे, पहिल्या वेळी मी येते सोबत.