आल्प्स ओलांडताना आधी मुलांची वयं सांगा

उन्हाळी सुट्टीची पत्रं यायला लागली आहेत. यंदा जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली एकाच फेरीत, तेही रेल्वेने आणि मुलाबाळांसकट करायचं म्हणणारी घरं बरीच दिसतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. म्युनिकमध्ये संसार थाटल्यापासून आमच्याकडे पाहुणे आले की तिकिटं काढायचं काम माझ्याकडेच असतं आणि मी ते हौसेने करते. या वेळी चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न (चिंचवड): मे महिन्यात आम्ही म्युनिकला दिरांकडे उतरणार आहोत. मी, माझे यजमान, ६८ वर्षांच्या सासूबाई, १३ वर्षांचा मुलगा आणि ५ वर्षांची मुलगी. म्युनिकहून इन्सब्रुक, मग वेरोना आणि वेनिस असं जायचं आहे. सोसायटीत सगळे म्हणतात, युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास) काढा म्हणजे डोक्याला ताप नाही. खरंच तो स्वस्त पडतो का?

उत्तर: ताई, तुमच्या बेताला नाही पडणार. पास त्यांना फळतो, जे दर एक-दोन दिवसांनी लांबचा पल्ला गाठतात. तुमचे खरे प्रवासाचे दिवस आहेतच किती? शिवाय युरेलच्या हिशेबात ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्यांच्या पासवर मोफत जातात आणि बाराव्या वर्षापासून तरुणांचा पास लागतो. म्हणजे तुमच्या मुलाचा पास विकतच घ्यावा लागणार. सासूबाईंना साठीपुढची दहा टक्के सवलत मिळेल, पण पास चार होतील ते होतीलच, आणि सीटचं रिझर्व्हेशन त्यावर वेगळं.

तिकिटांना हात घालण्याआधी एका कागदावर मुलांची वयं लिहा, प्रवासाच्या दिवशी जी असतील ती. आपल्या रेल्वेमुळे पाच आणि बारा हे आकडे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असतात. इथे सीमा ओलांडली की आकडा बदलतो. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. सहा ते चौदा वयाचं मूल जर्मन रेल्वेत मोठ्या माणसाबरोबर मोफत जातं, ऑस्ट्रियाच्या रेल्वेत साधारणपणे अर्ध्या तिकिटावर. स्वित्झर्लंडमध्ये अर्धं तिकीट सोळावं पूर्ण होईपर्यंत चालतं. इटलीच्या पॅसेंजर गाड्यांत मात्र फक्त चार वर्षांखालची मुलं मोफत आणि बाराव्या वाढदिवसापर्यंत अर्धं. तुमची लेक म्युनिकहून निघताना फुकट बसेल, तीच वेरोनाहून वेनिसच्या गाडीत अर्ध्या तिकिटाची धनी होईल आणि तिच्या दादाला तिथे पूर्ण तिकीट लागेल.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: मोठ्यांचं सर्वांत स्वस्त तिकीट शोधत बसू नका, सगळ्या घराची बेरीज बघा. म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून वेरोनाला जाणारी गाडी जर्मन आणि ऑस्ट्रियन रेल्वे मिळून चालवतात. गाडी एकच, पण ती दोन दुकानांत मिळते, आणि दोन्हीकडे सवलतीच्या तिकिटांचा भाव आणि मुलांची अट वेगळी असू शकते. दोन्ही वेबसाइटवर तीच तारीख, तीच गाडी आणि पाचही प्रवासी वयासकट भरा आणि शेवटचा आकडा ताडून बघा. ऑस्ट्रियाच्या वेबसाइटवर मोठ्यांचा भाव कमी दिसला तरी मुलाचं अर्धं तिकीट मिळवल्यावर कधी कधी पारडं जर्मनीकडे झुकतं. कधी उलटंही होतं. आणि जर्मन तिकीट घेतलंत तर मोफत मुलाचीही नोंद तिकिटावर आधीच हवी. गाडीत बसल्यावर टीसीला वाढवून द्या म्हणता येत नाही.

दोन्हीकडची स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीपुरती असतात आणि त्यांचा कोटा संपला की भाव चढतो. जर्मन रेल्वेच्या सर्वांत स्वस्त प्रकारात पैसे परत मिळत नाहीत, त्याच्या वरच्या प्रकारात थोडे कापून मिळतात. व्हिसा हातात आला नसेल तर वरचा प्रकार घ्या. तेवढे पैसे मी वाचवणार नाही.

इन्सब्रुकचा मुक्काम एकाच तिकिटात बसतो का तेही बघा. जर्मन वेबसाइटवर गाडी शोधताना मधला थांबा टाकता येतो, जास्तीत जास्त ४८ तासांचा. दोन रात्री राहून पुढे जायचं असेल तर म्युनिक–वेरोना असं अखंड तिकीट आणि दोन तुकडे, दोन्हींची बेरीज करून बघा. वेरोना ते वेनिस आत्ता काढूच नका. त्या मार्गावरच्या साध्या जलद गाड्यांचा भाव ठरलेला असतो आणि दीडेक तासाचा तर प्रवास. मात्र स्टेशनवर कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्या.

रिझर्व्हेशन करा, सासूबाई आहेत म्हणून तर कराच. पूर्वी जर्मन गाड्यांत सेकंड क्लासला सगळ्या कुटुंबाचं रिझर्व्हेशन १०.४० युरोत व्हायचं. जून २०२५ पासून ती सोय बंद झाली आणि माणशी ५.५० युरो झाले. बाळगोपाळ घेऊन फिरणाऱ्यांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मोफत तिकिटाच्या मुलालाही बसायला जागा लागतेच. निवड असेल तर ब्रेनर मार्गावर २०२४ पासून आलेल्या नव्या रेलजेटची, म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेच्या वेगवान गाडीची, वेळ धरा. तिच्यात चढायला उंच पायऱ्या नाहीत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचं मोल विचारा!

पासपोर्ट पाचही जणांचे, हाताशी. शेंगेन व्हिसा या सगळ्या देशांना एकच चालतो, पण ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मन पोलीस २०१५ पासून पुन्हा तपासणी करतात, आणि मुलाचं वय विचारलं तर पासपोर्ट हाच पुरावा.

प्रश्न (म्युनिकजवळून): आम्हा दोघांकडे डॉइचलांड-तिकीट (जर्मनीभर पॅसेंजर गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट) आहे. मुलं ७ आणि १० वर्षांची. सुट्टीच्या दिवशी साल्झबुर्ग किंवा कुफ्श्टाइनला जाऊन यायचं तर मुलांसाठी काय काढावं?

उत्तर: हे तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ला ५८ झालं आणि २०२६ला ६३, तरी रोज कामाला जाणाऱ्याला ते वरदानच आहे. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात असूनही साल्झबुर्ग आणि कुफ्श्टाइन ही दोन्ही स्टेशनं त्यात येतात. पण त्यावर मुलं मोफत जात नाहीत, सहा वर्षांपासून त्यांना वेगळं तिकीट लागतं. अशा वेळी पुष्कळ जण मुलांची सुटी तिकिटं काढतात. त्याआधी बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यात चालणारं एका दिवसाचं तिकीट, तपासा: एका मोठ्याच्या नावाने घेतलं की चौदापर्यंतची तुमची दोन्ही मुलं त्यात मोफत. तेव्हा तुमच्यापैकी एकाने आपलं महिन्याचं तिकीट वापरायचं आणि दुसऱ्याने त्या दिवसापुरतं हे काढून मुलांना आपल्यासोबत घ्यायचं. आधीच तिकीट असताना पुन्हा पैसे घालणं जिवावर येतं खरं, पण मुलांच्या सुट्या तिकिटांशी तुलना करून मगच ठरवा.

दोन गोष्टी सांभाळा. बायर्न-तिकीट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर लागू होतं, शनिवार-रविवारी आणि सणाच्या सुट्टीला मध्यरात्रीपासून. आणि दोन्ही तिकिटं फक्त पॅसेंजर गाड्यांना चालतात. साल्झबुर्गची रेलजेटही त्याच मार्गाने जाते, थोडा वेळ वाचवते आणि मोह घालते. तिच्यात चढलात तर तिकीट शून्य. कुफ्श्टाइनच्या पुढे इन्सब्रुककडे जायचं तर तिथून पुढचं ऑस्ट्रियन तिकीट वेगळं काढा.

प्रश्न (नाशिक): स्वित्झर्लंडमधून आल्प्स ओलांडणाऱ्या बेर्निना एक्सप्रेसची फार इच्छा आहे, पण चौघांचा खर्च बघून छाती दडपली. मुलगी ८ वर्षांची, मुलगा १५चा. काही मार्ग?

उत्तर: मार्ग आहे, आणि माझ्या मते तो एक्सप्रेसपेक्षा गोड आहे. त्याच रुळांवरून सेंट मोरित्झ ते तिरानो साध्या लोकल गाड्या दिवसभर धावतात. रिझर्व्हेशनची सक्ती नाही, पॅनोरमा डब्याचे जादा पैसे नाहीत आणि मुख्य म्हणजे अनेक डब्यांच्या खिडक्या खाली घेता येतात. काचेत स्वतःचाच चेहरा न येता फोटो मिळतात. अडीच तासांत गाडी २,२५३ मीटर उंचीच्या ओस्पित्झिओ बेर्निनाला जाते आणि तिथून ४२९ मीटरवरच्या तिरानोपर्यंत उतरते, दातेरी रूळ नसताना. हजार मीटरला ७० मीटर असा चढ-उतार नुसत्या चाकांच्या पकडीवर निभावतो. २००८ मध्ये युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारशात घेतला.

ब्रुझिओ आलं की मुलांना उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांकडे पाठवा. तिथे कमानींचा दगडी पूल गोल फिरतो, गाडी स्वतःच्याच पुलाखालून बाहेर पडते आणि वळणावर आपल्याच गाडीचे लाल डबे समोर दिसतात. पुढे तिरानोत ती चक्क रस्त्यावरून, मादोन्नाच्या मोठ्या चर्चला घासून जाते आणि मोटारी थांबून राहतात.

पैशांचं म्हणाल तर स्वित्झर्लंडमध्ये चार-पाच दिवस असाल तेव्हा स्विस ट्रॅव्हल पासचा भाव बघा. आईवडिलांकडे तो असेल तर स्विस फॅमिली कार्डवर सोळा वर्षांखालची मुलं मोफत. कार्डाला पैसे नाहीत, पण पास घेताना ते मागून घ्यावं लागतं. युरेलमध्ये तुमचा पंधरा वर्षांचा मुलगा तरुण ठरतो, इथे तो मूल आहे. चौघांच्या खर्चात याने मोठा फरक पडतो. हा पास तिरानोपर्यंत, म्हणजे इटलीत शिरूनही चालतो. तिथून मिलानला जायचं तर चौकापलीकडे समोरच इटलीचं स्टेशन आहे. तिथून पास चालत नाही, साधं तिकीट काढायचं. गाडी कोमो सरोवराच्या काठाने जाते. एकच दिवस स्वित्झर्लंडमध्ये असाल तर सवलतीचा एक दिवसाचा पास बघा. लवकर काढला तर मोठ्यांना ५२ फ्रँकपासून मिळतो आणि मुलांचा १९ फ्रँकला. दशम्या-चटणीचा डबा सोबत ठेवा, सेकंड क्लासमध्ये कोणी हटकत नाही.

प्रश्न (ठाणे): सुटी तिकिटं जोडून स्वस्त पडतंय. पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली तर?

उत्तर: तर पुढचं स्वस्त तिकीट वाया जाऊ शकतं, कारण ते त्याच गाडीपुरतं असतं आणि दुसऱ्या कंपनीला तुमच्या उशिराशी देणंघेणं नसतं. अखंड तिकीट असेल तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मुक्कामाला एक ते दोन तास उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि त्याहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात, क्वचित अपवाद सोडून. सुटी घेणारच असाल तर मधे दीड-दोन तास सोडा किंवा मुक्काम करा, आणि दिवसाच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नका. उशीर झालाच तर टीसीकडून तिकिटावर तशी नोंद करून घ्या, त्याच वेळी, गाडीतच.