ब्रासच्या कपाचं साइझिंग आणि ट्रिमिंग एकाच डायमध्ये केल्यावर उंची कमी-जास्त का येते?

तुमचं रबाळ्याला छोटं प्रेस शॉप आहे, ७०-३० ब्रासचे (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) कप ओढता, मग एकाच डायमध्ये ते आवळून व्यास जुळवता (साइझिंग) आणि तोंड छाटता (ट्रिमिंग), दहातल्या तीन कपांची उंची चुकते आणि रॅमचा (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) स्क्रू फिरवून तुम्ही वैतागलात. रायफलच्या रिकाम्या केस (काडतुसाची पितळी नळी) परत वापरणाऱ्यांचा व्हिडिओ पाहिलात, तसं सेटिंग करू का, असं विचारताय. मी वागळे इस्टेटला टूलरूममध्ये आहे, अशा डायशी रोजचीच झटापट. आधी पाना खाली ठेवा.

व्हिडिओतला छंद परदेशातला. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ आहे, लायसन्सशिवाय काडतूस भरायच्या भानगडीत पडू नका. पण त्यांचा क्रम बरोबर आहे. केस डायमध्ये दाबली जाते आणि त्याच स्ट्रोकला वरचा कटर तोंड छाटतो. ते लोक आधी दाबायची खोली ठरवतात, इंचाच्या हजाराव्या भागात, ती लॉक करतात, मग कटरला हात लावतात. कारण ब्रास बाजूने आवळलं की लांबीत वाढतं. कणीक मुठीत आवळली की वरून निघते, तसंच. साइझिंग बदललं की उंची बदलणारच.

त्यांचा कटर वेगळ्या आट्यांवर असतो. तुमच्या डायमध्ये एका रॅम स्क्रूने दोन्ही हलतात, म्हणून एक जुळलं की दुसरं बिघडतं. करंट बंद करा, फ्लायव्हील हाताने फिरवून रॅम पार खाली आणा, स्क्रूने फक्त व्यास जुळवा. माप कप बाहेर काढून घ्या, कारण ब्रास सुटल्यावर थोडं फुलतं. तोंडाशी, मध्ये, तळाशी, तीन ठिकाणी मायक्रोमीटर लावा. लॉकनट आवळल्यावर परत मोजा, आवळताना सेटिंग सरकतं आणि तिथेच बरेच जण फसतात. उंची मात्र कटरखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालून किंवा काढून जुळवा. स्क्रूला आता हात नाही.

तरी तुमचा खरा आजार हा नसावा. सेटिंग चुकलं असतं तर दहाही कप सारखेच चुकले असते. तीनच चुकतात म्हणजे काहीतरी मध्येच येतंय. मी आधी छाटलेली बांगडी पाहीन. ती डायमधून पडली नाही की पुढचा कप तिच्यावर बसतो, तेवढाच वर राहतो आणि जास्त छाटला जातो. टॉर्च मारून बघा. ती नसेल तर भट्टीकडे वळा: एका ट्रेमधले कप मऊ, दुसऱ्यातले कडक असतील तर आवळल्यावर सारखे वाढत नाहीत. ट्रे वेगळे ठेवून चालवा, लगेच कळेल. कपाच्या तोंडाला कान (वर आलेले उंचवटे) येतात, त्यांच्यामधला खळगा छाटायच्या रेषेखाली गेला तर ती बाजू कोरीच राहते. हा ओढण्यातला दोष, डाय सेट करून जाणार नाही.

एक विषयांतर. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तडकायची, ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव त्यावरूनच पडलं. ती घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेली असत. मूत्रातला अमोनिया आणि ब्रासमध्ये दबून राहिलेला ताण मिळून हे होतं, हे १९२१ साली उलगडलं. मी वाचून हसलो होतो. मग एका जुलैत आमचे चकचकीत साइझ केलेले कप मुतारीच्या भिंतीला लागून रचले गेले आणि तीन आठवड्यांनी खोक्यात उभ्या चिरा पडलेले निघाले. पार्टीने सगळा माल परत पाठवला. तेव्हापासून साइझिंगनंतर कप सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियसवर तापवून घेतो. एवढ्याने कडकपणा फारसा जात नाही, ताण मात्र उतरतो.

छाटलेल्या कडेचा फोटो टाका, बर (छाटल्यावर कडेला उरलेली धारदार कोर) आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या तेही लिहा. एकाच बाजूला जास्त असेल तर पंच (कप दाबणारा दांडा) डायच्या मध्यावर नाही, आणि मग शिमनेही काही होणार नाही.