सीफोम म्हणजे समुद्रफेन नव्हे

नाशिकरोडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. ते थळ घाटातल्या रेल्वेची प्रतिकृती करताहेत. डोंगरउतारावर झाडे म्हणून लावायला आणलेल्या वाळक्या झुडपांच्या खोक्यावर 'सीफोम' असे छापले आहे. प्रतिकृतीच्या माहितीफलकावर त्याला 'समुद्रफेन' म्हणावे का, आणि ही वनस्पती कोणती?

'समुद्रफेन' कृपया लिहू नका. हा शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या वस्तूचा आहे. माकळासारख्या समुद्री प्राण्याच्या अंगातले पांढरे, हलके कवच म्हणजे समुद्रफेन. काष्ठौषधींच्या दुकानात तेच मिळते, पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला तेच टांगतात. सीफोमचा समुद्राशी काही संबंध नाही. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन इकडची ती एक वर्षायू वनस्पती आहे.

तिचे शास्त्रीय नाव टेलॉक्सिस ॲरिस्टाटा. पूर्वी तिची गणना चेनोपोडियममध्ये होई, म्हणजे आपल्या चाकवताच्या गोतात. चाकवत निबर होऊन बियांवर आला की कसा दिसतो ते आठवा, म्हणजे नाते पटेल. नावातला 'अरिस्टा' मला फार आवडतो. लॅटिनमध्ये तो कणसाच्या कुसळाचा शब्द. या झुडपाची प्रत्येक बारीक फांदी दोन-दोन फाट्यांत फुटत जाते आणि शेवटी कुसळासारखी टोकदार होते. ओळखायची खूण हीच. ही वनस्पती प्रतिकृतीत उपयोगी पडते तीही यामुळेच: १:८७ मापात, म्हणजे मूळच्या ८७व्या हिश्शाच्या प्रतिकृतीत, १५ मीटरचे झाड जेमतेम १७ सेंटीमीटर भरते, तिथे साधी काटकी ओंडक्यासारखी दिसते.

मग मराठीत काय म्हणायचे? 'तुरा' नको, तो आघाड्यासारखा सरळ उभा असतो. 'मंजिरी' तुळशीची. 'डहाळी' म्हटले की हिरवी पाने डोळ्यांपुढे येतात. मी 'सीफोमचा सुका फुलोरा' लिहीन, कारण खोक्यात येतो तो झुडपाचा फुलाफळांवर आलेला शेंडाच. नाव परके राहिले तरी चालेल, वस्तू चुकायला नको.

पानगळीची झाडे हवी असतील तर द्राक्षे काढून उरलेला घडाचा देठ सावलीत वाळवून उलटा रोवून बघा. तोही फुलोऱ्याचाच सांगाडा, आणि आपल्या नाशकात त्याला तोटा नाही.