टेस्ट पास झाल्या म्हणजे रिक्वायरमेंट पूर्ण झाली का?

तुमच्या टीमने रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिलेली फाइल) बंद करून 'ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारी टेस्ट, हीच रिक्वायरमेंट' असं ठरवलंय आणि ते चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. नुसत्या टेस्टवर भागत नाही, हे मी आमच्याच एका टेस्टवरून शिकलो.

फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि हे १० टक्के काढताना महापालिकेचे कर धरायचे नसतात. आमच्या टेस्टमध्ये एवढंच होतं: सेवा शुल्क ३००० रुपये, फ्लॅट भाड्याने, चार्ज ३०० आला पाहिजे. ती कायम पास व्हायची.

पुण्यात मिळकतकराचं बिल ज्याच्या त्याच्या फ्लॅटचं वेगळं येतं, मेंटेनन्समध्ये ते धरलेलं नसतं. त्यामुळे टेस्टच्या डेटात कराचा रकाना शून्य आहे, हे आमच्यापैकी कुणालाच खटकलं नाही. मग मुंबईची एक सोसायटी आली. तिकडे बऱ्याच ठिकाणी अख्ख्या इमारतीच्या कराचं बिल सोसायटीकडे येतं आणि सोसायटी ते सभासदांकडून वसूल करते. सेवा शुल्क ३०००, कर १५००, आणि आमच्या प्रोग्रॅमने ४५०० वर १० टक्के लावून ४५० आकारले. तीन महिन्यांनी त्यांच्या खजिनदारांचा फोन आला, "अहो, हे दीडशे कशाचे?" सभासदांचे पैसे आम्ही जास्त घेतले होते. त्या दिवशी सगळ्या टेस्ट पास होत्या, आणि मला फार लागलं ते तेच.

३००० ला ३०० हे उदाहरण चूक नव्हतंच. पण त्या एका उदाहरणात सेवा शुल्काचे १० टक्के बसतात, एकूण बिलाचे १० टक्के बसतात आणि सरसकट ३०० सुद्धा बसतात. यातलं आपल्याला काय हवं होतं, ते आदेश वाचल्याशिवाय कळत नाही. शिवाय १० टक्के ही कमाल मर्यादा आहे, एखादी सोसायटी ५ टक्केही घेईल. फ्लॅटमध्ये सभासदाची विवाहित मुलगी राहत असेल तर हा चार्ज लागतच नाही. आमच्या टीममध्ये नवीन आलेली प्रोग्रॅमर आमची टेस्ट वाचून यातलं काय ओळखणार? तिला ३०० दिसणार.

तुमच्या टीमचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं: वर्ड फाइलमधली रिक्वायरमेंट शिळी होते आणि कुणी उघडत नाही. टेस्ट मात्र रोज चालते, कोड बदलला की ओरडते. म्हणून टेस्ट टाकून देऊ नका, तिच्या शेजारी नियम लिहा. आम्ही आता प्रत्येक हिशेबाच्या टेस्टवर दोन ओळी लिहितो: नियम कुठून आला, आणि तो कुणाला लागू नाही. उदाहरणंही मुद्दाम अशी घेतो की चुकीचा नियम त्यात बसूच नये. कर शून्य ठेवायचा नाही, टक्केवारी एकदा १० आणि एकदा ५. क्युकंबर (साध्या वाक्यांत लिहिलेल्या टेस्ट चालवणारं टूल) वापरत असाल तर गर्किनमध्ये, म्हणजे ती वाक्यं लिहायच्या त्याच्या भाषेत, 'जर', 'जेव्हा' असे मराठी कीवर्ड चालतात. तसं लिहिलेलं आम्ही खजिनदारांना वाचायला देतो. विवाहित मुलीची गोष्ट आम्हाला अशाच एका वाचनात कळली.