वडिलांचं वय जवळ येतं तेव्हा

"आमच्या घराण्यातच हार्टचं आहे, मॅडम. आज ना उद्या माझाही नंबर लागणार."

हे वाक्य मी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकत आले आहे. त्यांतल्या एकाची ही हकीगत, ओळख पटू नये इतपत बदलून.

वय ४७. झोप लागत नाही, रात्री छाती धडधडते म्हणून आले होते. ईसीजी दोनदा नॉर्मल आला होता, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. बोलता बोलता त्यांची दोन बोटं मानेवर जायची, जबड्याच्या जरा खाली. नाडी बघत होते. मी विचारलं तसा त्यांनी हात पटकन मांडीवर ठेवला आणि मग हळूच सांगितलं, "बाबा ४८ व्या वर्षी गेले. पहाटे. मी सोळा वर्षांचा होतो."

आई किंवा वडील ज्या वयात गेले ते वय जवळ आलं की मुलांच्या मनात जुनं भय असं डोकं वर काढतं. त्यात वेडेपणा काहीच नाही. यांनी तर वडील किती दिवस जगले ते मोजून ठेवलं होतं.

पण दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलेली चिठ्ठी दोन महिने त्यांच्या पाकिटात घडी करून पडली होती. शिवाय दिवसाला आठ-दहा सिगारेटी चालूच. रात्री मरणाची भीती, आणि दिवसा 'व्हायचं ते होणारच, मग आहे ते सुख कशाला सोडा?' एकाच माणसाच्या मनात हे दोन्ही सुखाने नांदतात. मूळ एकच असतं: निकाल लागून चुकलाय ही खात्री.

'तुम्हाला काही होणार नाही' असं मी म्हटलं नाही. ते खोटं ठरलं असतं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी पुरुषाला ५५ च्या आत किंवा स्त्रीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपला धोका वाढलेला धरतात. त्यांची भीती बिनबुडाची नव्हती आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. उलट ते ऐकून त्यांचे खांदे जरा सैल पडले.

मग एक कोरा कागद दिला. घरातल्या प्रत्येकाचं नाव, आजार आणि वय लिहा, शेजारी सवयी लिहा. वडील: रोज पाकीटभर सिगारेट, बीपीच्या गोळ्या मध्येच सोडलेल्या. काका: ५१ व्या वर्षी बायपास, त्याच दिवसापासून सिगारेट बंद, आज ७६. आत्या: तिशीपासून कोलेस्टेरॉल, गोळ्या कधी चुकवल्या नाहीत, आज ७९. ते कितीतरी वेळ कागदाकडे बघत राहिले. "काकांना मी हार्टवाल्यांतच मोजत होतो," ते म्हणाले. "ते जिवंत आहेत, हे कधी धरलंच नाही."

घराण्यातून रक्ताबरोबर सवयीही येतात, आणि दोन्हींचा हिशेब आपण एकाच खात्यावर टाकतो. २०१६ साली ५५ हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि योग्य आहार अशा चार गोष्टी त्यात पाहिल्या होत्या. आनुवंशिक धोका सर्वांत जास्त असलेल्यांतही ज्यांच्याकडे यांतल्या किमान तीन होत्या, त्यांचा धोका जेमतेम एखादीच असलेल्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी निघाला. शून्य झाला नाही. पण जवळजवळ निम्मा!

चिठ्ठी अखेर पाकिटातून बाहेर आली. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २०८. डॉक्टरांना वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या जन्मजात आनुवंशिक प्रकाराची शंका आली. साधारण अडीचशेत एकाला असतो तो. यात नुसत्या पथ्याने आणि चालण्याने भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. ते रिपोर्ट घेऊन आले आणि पुन्हा तेच: "रक्तातच आहे म्हटल्यावर सिगारेट सोडून काय उपयोग?"

उपयोग त्यांनाच सगळ्यांत जास्त होता. कोलेस्टेरॉलचा मारा त्यांच्या रक्तवाहिन्या जन्मापासून सोसत होत्या. धूर त्याच वाहिन्यांचं आतलं अस्तर खराब करतो आणि रक्त लवकर गोठू लागतं. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो. गोळी आपलं काम करील, धूर बंद करणं त्यांच्या हातात होतं.

दोनदा सोडली, दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा निकोटिनच्या गोळ्यांची मदत घेतली आणि जेवणानंतरच्या सिगारेटच्या वेळेला मुलीबरोबर अर्धा तास झपाझप चालायला सुरुवात केली. आठवड्यातून पाच दिवस धरले तर तज्ज्ञ सांगतात ती १५० मिनिटं त्यातच होतात. मानेवरच्या बोटांसाठी आम्ही एक करार केला: सकाळी एकदा बीपी आणि नाडी मोजून वहीत लिहायची, मग दिवसभर हात लावायचा नाही. त्याच वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं: छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, दरदरून घाम, धाप लागणं. यांतलं काही झालं तर 'मनाचे खेळ' म्हणत बसायचं नाही, मलाही फोन करायचा नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

पुढची पायरी त्यांना सगळ्यांत जड गेली. कोलेस्टेरॉलचा हा प्रकार प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते, म्हणून तेरा वर्षांच्या मुलीची तपासणी करायची होती. तिची चिठ्ठीही तीन आठवडे पाकिटात राहिली. मग एका रात्री चालताना त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"आजोबांची अशी तपासणी झाली होती?" तिने विचारलं.

"नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लॅबच्या रांगेत उभे होते.