विजयदुर्गला जाताय तर आधी गोदी, मग किल्ला

निपाणीकडच्या एका शिक्षकांनी विचारलंय की आठवी-नववीची चाळीस मुलं घेऊन एका दिवसाची सहल काढायची आहे. पालकांचा ओढा मालवणच्या सिंधुदुर्गाकडे आहे, कारण तिथं होडीतून जायला मिळतं. विजयदुर्गात तटबंदीशिवाय काही उरलेलं नाही असं त्यांच्या कानावर आलंय, आणि आपण घाटावरची माणसं, मुलांना तिथलं काय कळणार, अशीही शंका आहे.

सर, विजयदुर्गलाच न्या. मी बेळगावहून आमच्या गल्लीतली पोरं घेऊन तिथं आठ वेळा गेलोय. पहिल्या खेपेला मीच चुकलो होतो. गाडीतून उतरलो ते थेट दरवाज्यात. तीन पदरी तट दाखवला, बुरूज मोजले, खुबलढा बुरुजावर उभं करून फोटो काढले, डबे सोडले आणि परत फिरलो. फोंडा घाट चढताना सातवीतली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "काका, इथं आरमार होतं म्हणालात, मग जहाजं ठेवत कुठं होते?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे बेळगावात दिवाळीला पोरं किल्ले करतात, त्यात विजयदुर्ग केला की निळ्या रांगोळीचा समुद्र आणि किल्ल्याला चिकटून कागदाच्या होड्या हे ठरलेलंच. तिनंही त्या वर्षी तसाच केला होता, म्हणून तिला प्रश्न पडला. दर्यावरच्या लाटा खात जहाजं किल्ल्याबाहेर उभी राहत नाहीत, एवढं तिला कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

त्या प्रश्नाचं उत्तर किल्ल्यात नाही. किल्ल्यापासून वाघोटन खाडीनं साधारण तीन किलोमीटर आत, गिर्ये-रामेश्वरवाडीच्या अंगाला एक लहानसा चिखलाचा फाटा आहे. तिथं आंग्र्यांची गोदी आहे. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. कातळ खोदून आणि जिथं कातळ नाही तिथं बांध घालून केलेला हा हौद आहे, म्हणा ना. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो एखाद्या कोरड्या तळ्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच लोक त्याच्या जवळून गाडी दामटत किल्ल्याकडे निघून जातात. मुलांना कडेनं पावलं मोजत चालायला लावा, लांबीला दोनशेच्या आसपास भरतात. आठवीच्या मुलाला ३५५ फूट हा आकडा लक्षात राहणार नाही, दोनशे पावलं राहतील.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ओहोटी होती. तळाशी राखाडी चिखल, त्यात बोटभर लांबीचे खेकडे एका बिळातून निघून दुसऱ्यात शिरत होते, आणि कातळाच्या कडेला हात लावला तर पाणी जिथवर चढतं तिथवर काळपट, बुळबुळीत रेघ होती. त्या रेघेच्या वर जांभा कोरडा ठणठणीत. एक म्हातारे मच्छीमार जाळं खांद्यावर टाकून चालले होते. मी विचारलं, इथं जहाज आत कसं यायचं? ते थांबले आणि एवढंच म्हणाले, "भरती येवंदे, मगे बघा." आम्ही बसून राहिलो. दोन तासांत तो चिखल दिसेनासा झाला आणि रेघेच्या दिशेनं पाणी गुपचूप चढत आलं.

गोदीचं सगळं काम त्या दोन तासांत आहे. उधाणाच्या भरतीला गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, आत घ्यायचा, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी उतरलं की जहाज आपोआप कोरड्यावर बसतं. मग माणसं बुडाला लागतात. समुद्रात राहणाऱ्या लाकडाला शेवाळ आणि शिंपले धरतात, त्यानं वेग मरतो. त्याहून वाईट म्हणजे लाकूड पोखरणारे किडे. ते सगळं खरवडायचं, फळ्यांच्या सांध्यांत काथ्या-कापूस ठासायचा, वर राळ-तेलाचं लुकण. पावसाळ्यात दर्या बंद असतो, तेव्हा ही कामं उरकायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाहेर पडायचं. तोफा किल्ल्यावर होत्या, पण आरमार जिवंत ठेवणारी जागा ही. हे मुलांना आधी दाखवलं की किल्ला त्यांना वेगळाच दिसतो. इतकं कशाची राखण करण्यासाठी बांधलं होतं, ते मग कळतं.

आणि ही खाडीच का, हेही तिथंच उभं राहून सांगा. मुखाशी वाळूचा दांडा नाही, आत खोल पाणी, वाऱ्यापासून आडोसा. मराठ्यांचे गुराब उथळ बुडाचे, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, मोठे म्हणजे तीनशे टनांपर्यंतचे. गलबतं त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की ही गलबतं गुराबांना ओढून नेत. इंग्रजांची अवजड जहाजं वाऱ्यावर अवलंबून, यांचं तसं नाही. १६९८ नंतर मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे इथून राज्य करत होते म्हटलं तरी चालेल. इंग्रज १७१७-१८ च्या सुमाराला आणि पुन्हा १७२० मध्ये चालून आले, डच १७२४ मध्ये आले, कोणालाही किल्ला मिळाला नाही.

मिळाला तो १७५६ च्या फेब्रुवारीत, आणि तो भाग मला आजही सांगताना जड जातो. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलेलं, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं. समुद्रातून अ‍ॅडमिरल वॉटसन, जमिनीवर रॉबर्ट क्लाइव्ह. इंग्रजांचा एक तोफगोळा आंग्र्यांच्या ताफ्यातल्या 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं. जहाजं एकमेकांना लागून उभी होती, आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि अख्खं आरमार बंदरातच जळालं. इंग्रजांनी किल्ला ताब्यात घेतला, लूट आपसात वाटून घेतली, आणि पेशव्यांना किल्ला ऑक्टोबरमध्ये दिला तोही बदल्यात बाणकोटचा किल्ला घेऊन. त्याच वर्षी जूनमध्ये कलकत्त्याचा फोर्ट विल्यम सिराजउद्दौलाकडे गेला तेव्हा तो परत घ्यायला गेलेली जोडी हीच, वॉटसन आणि क्लाइव्ह. फोर्ट विल्यमला आता 'विजय दुर्ग' असं नाव दिलंय, हे मुलांना जरूर सांगा, एका नावात दोन्ही गोष्टी गुंफल्या जातात.

नानासाहेबांनी आपलं आरमार आपल्या हातानं बुडवलं असं म्हणून आपण तिथंच थांबतो. आग लागली हे खरं, पण विजयदुर्गाचं काम तिथं संपलं नाही. पेशव्यांनी सुभा आरमार, म्हणजे आरमाराचा कारभार, इथंच ठेवला आणि तो धुळपांकडे दिला. आनंदराव धुळपांनी १७८३ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज लढून पकडलं आणि याच बंदरात आणलं. गावात धुळपांचा वाडा आहे. सहलीत तो सहसा कुणाच्या यादीत नसतो, तुमच्या यादीत असू द्या. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेल्यावर आरमार उरलं नाही, बंदर उरलं. पुढे मुंबईहून येणाऱ्या आगबोटी इथं थांबत, चाकरमानी इथं उतरत. आज मच्छीमारांच्या होड्या आणि धक्का आहे.

आता हेलियमचा विषय. हा तुम्हाला तिथं हमखास ऐकायला मिळेल, किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्यां'पाशी. माझ्या एका खेपेला माहिती देणाऱ्यानं सांगितलं की १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते तसंच लिहू देऊ नये. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. तिथूनच त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि पुढे त्यातल्या पिवळ्या रेषेवरून नव्या मूलद्रव्याचा विचार मांडला. ते विजयदुर्गला आले हे खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेच्या नाविकांना हाताशी घेऊन. म्हणजे जिथून एकेकाळी इंग्रजांवर तोफा डागल्या, तिथं त्यांच्याच नाविकांनी दुर्बिणी लावल्या. मला ही खरी हकीगत जास्त मोलाची वाटते. आणि १८६८ च्या ग्रहणाशी आपलं नातं शोधायचंच असेल तर ते आपल्याच बाजूला आहे. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू, लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ते ग्रहण जमखंडीहून पाहिलं होतं, ढगांच्या फटींतून, आणि ज्वाळांच्या वर्णपटातल्या तेजस्वी रेषा टिपल्या होत्या. पटवर्धनांची जमखंडी! आपल्या भागातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं?

किल्ल्याजवळ समुद्रात बुडालेल्या भिंतीबद्दलही मुलं विचारतील. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं पाण्याखाली उतरून ती पाहिली आहे. सुमारे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच, ७ मीटर रुंद. वरून काही दिसत नाही, त्यामुळे तिथं वेळ घालवू नका.

आपण घाटावरचे, हा मुद्दा मात्र मनातून काढून टाका. खानापूर तालुक्यातलं हलशी मुलांनी पाहिलं असेल, कदंबांची दुसरी राजधानी. कारवारच्या आजच्या नाविक तळाचं नाव 'आयएनएस कदंब' आहे, त्याच घराण्यावरून. २००५ च्या मे महिन्यात तो सुरू झाला, त्यासाठी तिथल्या कोळी वस्त्यांनी किनारा सोडला. आत आपल्याला जाता येत नाही, पण कारवारच्या किनाऱ्यावर निवृत्त झालेली 'चपल' ही युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे, ती आतून बघता येते. पुढच्या वर्षीची सहल तिकडे काढा. जुना तळ आणि नवा तळ एकाच पोरानं पाहिले तर त्याला बाकी शिकवावं लागत नाही.

किल्ल्यात एक काळजी घ्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात विजयदुर्ग आहे. पण ऑगस्ट २०२० च्या पावसात याच किल्ल्याच्या तटाचा एक भाग कोसळला होता. लाटा तटाच्या पायाशी अखंड आपटत असतात आणि वर झाडांची मुळं दगड सैल करतात. मुलांना तटाच्या कडेवर चढू देऊ नका, आणि मुळं उपटायला तर अजिबात नको, मूळ निघतं त्याबरोबर दगडही निघतो. आमच्या एका पोरानं चांगल्या मनानं तेच केलं होतं.

वाट तुमच्या दारातूनच जाते. देवगड-निपाणी रस्ता, राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा आणि तळेऱ्याहून विजयदुर्गचा फाटा धरायचा. बसनं साडेचार-पाच तास धरा, म्हणजे पहाटे सहाला निघालात तर अकराच्या सुमाराला गोदीपाशी.

तारीख ठरवताना मात्र रविवार आधी बघू नका, तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमेला हाच हिशेब सव्वाअकरा देतो, म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा गोदी पाण्याखाली. म्हणून अष्टमी ते दशमीतला दिवस घ्या. दुपारी गोदीचा तळ उघडा मिळेल, मग धुळपांचा वाडा, मग किल्ला, आणि परत निघताना पाच मिनिटं गाडी पुन्हा गोदीपाशी थांबवा. तोवर त्या काळ्या रेघेकडे पाणी निम्मं-अर्धं चढलेलं असेल. हिशेब आदल्या दिवशी मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या.